जुलैचं गवत, फेब्रुवारीची पानं

नाशिकहून एका ताईंनी विचारलंय. बंगल्याभोवती दीड हजार चौरस फुटांचं लॉन आहे. पावसाळ्यात माळीदादा पंधरा दिवसांनी येतात आणि प्रत्येक वेळी चार-पाच पोती गवत निघतं. घंटागाडीवाले एवढं घेत नाहीत. मागच्या महिन्यात कंपाउंडच्या कोपऱ्यात ढीग केला, तर त्याला असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी बोलणं टाकलं. माळीदादा म्हणतात, उघडीप मिळाली की पेटवून देऊ. गोठ्यावर गाईंना द्यावं का, हेही त्यांना जाणून घ्यायचंय.

मी सव्वीस वर्षं लोकांच्या बागा लावतोय आणि राखतोय. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही गवत पोत्यात भरून गेटबाहेर ठेवायचो, तेव्हा माळीदादांवर माझा राग नाही.

ताई, आधी तो ढीग मोडा. काकूंचा प्रश्न पहिला सुटला पाहिजे. मुतारीसारखा, नाकात चढणारा वास असेल तर तो अमोनिया. ढिगात नत्र जास्त झालंय आणि ते हवेत उडून चाललंय. सडक्या अंड्यासारखा, गटारासारखा असेल तर आत हवाच पोचत नाहीये. पावसाळ्यात बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात. फावड्यानं ढीग पसरा. आत गवताची शेवाळी रंगाची, चिकट गादी झालेली दिसेल, पापुद्रा सोलावा तशी ती थराथरानं निघते. ती हातानं सुटी करा (हातमोजे घाला, वास दोन दिवस जात नाही) आणि जे कोरडं हाताशी असेल ते तिच्यात मिसळा. पुठ्ठ्याची खोकी फाडून, चिकटपट्टी काढून चालतील. अंड्यांचे कागदी ट्रे, जुनी वर्तमानपत्रं, नारळाच्या शेंड्या, कोकोपीट, वखारीतला लाकडाचा भुसा, काहीही चालेल. फक्त भुसा साध्या लाकडाचा हवा. प्लायवूड-एमडीएफचा नको, त्यात डिंक असतो. मग गुडघ्याएवढा सैल ढीग परत लावा आणि वर कोरड्या मालाचा चार बोटं थर द्या. दोन-तीन दिवसांत वास बसतो.

आता असं का झालं ते. ताज्या गवताच्या वजनात पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्के पाणीच असतं. उरलेल्यात कर्ब आणि नत्राचं प्रमाण पंधरा-वीसास एक. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीसास एक मानवतं. म्हणजे गवत त्यांच्या दृष्टीनं फार जड जेवण. वाळलेल्या पानांत हेच प्रमाण पन्नास-साठास एक किंवा त्याहून जास्त. दोन्ही एकत्र आली की पंगत जमते. पण आपल्याकडे घोळ असा की ती दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. कडुलिंब, पिंपळ, साग, बदाम, रेन ट्री यांची पानं गळतात साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. गवत माजतं जुलै-ऑगस्टमध्ये. फेब्रुवारीत आपण पानं झाडून पेटवतो आणि जुलैत गवत घेऊन रडत बसतो. माझ्याकडे गवताची तक्रार घेऊन येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांची अडचण खरं तर गवताची नसतेच. त्यांच्याकडे साठवलेली पानं नसतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं पुढच्या वर्षासाठी आहे. कांद्याच्या जाळीदार गोण्या घ्या, नाशकात त्यांचा काय तुटवडा. फेब्रुवारीत त्यांत पानं पायानं दाबून भरा आणि जिन्याखाली किंवा गच्चीच्या पत्र्याखाली ठेवून द्या. जाळीतून हवा खेळते, पानं कुबट होत नाहीत. तुमच्या लॉनला पंधरा-वीस गोण्या पुरतील. स्वतःच्या आवारात एवढी पडत नसतील तर गल्लीत सांगून ठेवा. लोक आनंदानं आणून देतात. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाच्या उपक्रमानं पानं नको असणारे आणि पानं हवी असणारे यांची गाठ घालून दिली, तेव्हा कळलं की शहरात दोन्ही प्रकारची माणसं भरपूर आहेत.

पण कंपोस्टच्या आधी एक सोपा रस्ता आहे आणि तो सोडून लोक अवघड रस्त्यानं जातात. कापलेलं गवत उचलूच नका. लॉनवरच राहू द्या.

हे सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू मी केर काढू नका म्हणतोय. पण बारीक तुकडे पात्यांच्या मधून खाली मातीवर उतरतात आणि आठ-दहा दिवसांत दिसेनासे होतात. लॉनच्या वार्षिक खतापैकी जवळपास पाव हिस्सा यातून भागू शकतो. ‘अशानं खाली गादी साचते’ हा समज मी माळ्यांकडूनही ऐकलाय, बागकाम शिकलेल्यांकडूनही. लॉनखाली साचणारा तो तपकिरी, स्पंजासारखा थर बनतो गवताच्या आडव्या धावत्या खोडांचा आणि मुळांचा. ती चिवट असतात, सावकाश कुजतात. पात्यांचे तुकडे मऊ, पाणीदार. ते साचायला थांबत नाहीत.

अट एकच. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. दोन इंच ठेवायचं असेल तर तीन इंच झालं की कापा. तुमच्याकडे काय होतं, ते न बघताही सांगतो: पंधरा दिवसांत भर पावसात गवत पाच इंच वाढतं, माळीदादा ते दीड इंचावर आणतात, लांबलचक ओली पाती निघतात आणि ती लॉनवर ठेवली तर खरंच गोळे होऊन खालचं गवत पिवळं पडतं. मग ती पोत्यात. म्हणजे चार-पाच पोती ही पंधरवड्याची शिक्षा आहे. जुलै ते सप्टेंबर त्यांना दर आठवड्याला बोलवा. दोन फेऱ्यांचे पैसे दुप्पट होतील असं वाटेल, पण गोळा करणं, भरणं, उचलणं हा निम्मा वेळ वाचतो. माझ्या माळ्यांशी मी प्रत्येक फेरीचा दर त्या हिशोबानं ठरवतो आणि कोणी कुरकुर केलेली नाही.

बाकी बारकावे थोडे. मोअरची मागची पेटी काढून ठेवा. पात्याला धार हवी. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लॉनवर पांढुरकी झाक येते. सकाळी दव असताना कापू नका, अकरानंतर कापा. गोळे पडलेच तर बांबूच्या फडानं झटकून पसरा. आणि लॉनवर गोल तपकिरी चट्टे दिसत असतील तर ते बुरशीचं लक्षण. त्या काळात मात्र गवत उचला, नाहीतर रोग सगळीकडे पसरतो.

माळीदादा ऐकतील का, हा खरा प्रश्न. माझा अनुभव असा की माळी नाही म्हणत नाही, मालकाला घाबरतो. लॉनवर तुकडे दिसले की ‘काम अर्धवट टाकलं’ म्हणून बोलणी त्यालाच खावी लागतात. तुम्ही स्वतः समोर उभं राहून ‘राहू द्या’ असं एकदा म्हणा, काम झालं.

एवढं करूनही पावसाची झड लागली की आठवडा चुकणारच आणि पोतं-दीड पोतं उचलावं लागणारच. त्यासाठी ढीग. मी ड्रम, टंबलर, विटांचं टाकं सगळं करून पाहिलं. घरगुती लॉनसाठी मला सगळ्यात पटलेली वस्तू म्हणजे वेल्डेड जाळीचा गोल कठडा. तीन फूट उंचीची, दहा फूट लांब जाळी घ्या आणि गोल करून टोकं तारेनं बांधा. सुमारे तीन फूट व्यासाचा कठडा होतो. याहून लहान ढीग नीट तापत नाही. तळाला वीतभर जाड काटक्या टाका, म्हणजे खालून हवा येते. मग एक घमेलं गवत, दोन ते तीन घमेली पानं. पुस्तकी चित्रांत थरावर थर दाखवतात. मी थर लावत नाही, खोऱ्यानं मिसळून टाकतो, कारण थर लावले की गवताचा थर पुन्हा गादी होऊन बसतो. मिसळताना पाटीभर जुनं खत किंवा शेणकाला टाकला तर सुरुवात लवकर होते. बाजारातलं ‘कल्चर’ लागतंच असं नाही. जिवाणू पानांवर असतातच.

ओल बघायची तर मूठभर माल घट्ट आवळा. बोटांतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पानं वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. वर पत्र्याचा तुकडा किंवा ताडपत्री तिरकी टाका, कारण पावसात भिजलेला ढीग म्हणजे पुन्हा काकूंचा प्रश्न.

तिसऱ्या दिवशी ढिगाच्या मधोमध लोखंडी सळई खुपसा, पाच मिनिटांनी ओढा आणि हात लावा. चटका बसून हात मागे आला की समजा गाडी चालू झाली. आत पंचावन्न-साठ अंश असतात. नव्या गिऱ्हाइकाला मी हे मुद्दाम करायला लावतो. एकदा तो चटका बसला की पुढे ढिगाला ‘कचरा’ म्हणत नाहीत, रोज सकाळी चहाचा कप घेऊन सळई तपासायला जातात. आठ-दहा दिवसांनी गार होऊ लागला की जाळी उचलायची, शेजारी उभी करायची आणि तोच माल खोऱ्यानं परत आत भरायचा. असं तीन-चारदा केलं की अडीच-तीन महिन्यांत काळं, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत होतं. मधेच आत राख टाकल्यासारखे पांढरे धागे दिसतील. घाबरून फोन करू नका, ते कामाचेच जीव आहेत.

गांडूळ खत करत असाल तर ताजं गवत थेट घालू नका, त्याच्या उष्णतेनं गांडुळं मरतात किंवा पळून जातात. आधी दोन-तीन आठवडे कुजवून, गार झाल्यावर द्या.

हिशोब आवडणाऱ्यांसाठी एक हिशोब. शंभर किलो ओल्या गवतात वीस किलो सुका भाग, त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास नत्र, म्हणजे सातशे ग्रॅम. तेवढं नत्र साधारण दीड किलो युरियात असतं. अनुदानित युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा या नत्राची किंमत नऊ रुपये! पैशासाठी हे करा असं मी कुणाला सांगत नाही. पण नाशिक-पुण्याच्या बांधकामाच्या प्लॉटवर भराव घालून जे लॉन लावलेलं असतं, त्याखाली मुरूम आणि विटांचे तुकडे असतात. त्याला युरियानं माती येत नाही. ती या कुजलेल्या मालानंच येते. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी पालापाचोळ्यापासून माती ‘तयार करायची’ असं सांगितलं, त्यातली ‘तयार’ या शब्दाची खोली मला असे प्लॉट खणल्यावर कळली.

तिसरा उपयोग आच्छादनाचा. गवत ओलंच झाडाखाली थापलं की त्याची गादी होते आणि पाणीही खाली जात नाही. एक इंचाहून जास्त नकोच. त्यापेक्षा पोर्चमध्ये किंवा गच्चीवर पातळ पसरून दोन दिवस वाळवा, मग दोन-तीन इंच घातलं तरी चालतं. गुलाब, जास्वंद, कढीपत्ता, वांगी, मिरची, कुंड्या, कुठेही. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं, आणि उन्हाळ्यात वाळवी लागते. वाळवलेल्या गवताबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. गवत पिवळं, कुरकुरीत झालं म्हणून ते पानांसारखं ‘कोरडं’ खाद्य होत नाही. पाणी गेलं, नत्र बरंचसं आतच राहिलं. ढिगात टाकताना ते हिरव्यातच मोजा.

आता माझी एक चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बंगल्यात लॉनमधल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं होतं. पुढच्या आठवड्याचं गवत मी मोठ्या कौतुकानं त्याच घरच्या टोमॅटोच्या वाफ्यावर पसरलं. दहा दिवसांत टोमॅटोचे शेंडे नेच्यासारखे गुंडाळले गेले आणि पानं दोरीसारखी वळली. मालकीणबाईंना वाटलं व्हायरस आला, मलाही आधी तेच वाटलं. टोमॅटो त्या औषधाला फार नाजूक असतो. तेव्हापासून नियम केला: तणनाशक मारल्यावर पुढच्या चार कापण्यांचं गवत लॉनवरच सोडायचं, वाफ्यावर आणि जनावरापुढे अजिबात नाही. तुमच्या माळीदादांना सरळ विचारा काय मारलं होतं. बऱ्याचदा मालकाला माहीतच नसतं.

दुसरी गोष्ट ब्रश कटरची. त्याचा नायलॉनचा दोरा झिजतो आणि त्याचे नखाएवढे केशरी-हिरवे तुकडे गवतात पडतात. खत चाळताना ते सापडू लागले तेव्हा मला उमगलं की आपण आपल्याच हातानं वाफ्यात प्लॅस्टिक कालवतोय. आता कडेकोपऱ्यांचं गवत आम्ही विळ्यानं किंवा कात्रीनं घेतो आणि ब्रश कटरचं गवत खतात टाकत नाही.

लव्हाळ्याच्या गाठीही ढिगात टाकू नका, काठावर माल तापत नाही आणि तिथे त्या सुखानं जगतात. आधी उन्हात चुरचुरीत वाळवा. गाजर गवत फुलायच्या आत उपटलं असेल तरच ढिगात, तेही हातमोजे घालून.

गाईंबद्दल. विळ्यानं कापलेलं, ताजं, औषध न मारलेलं गवत असेल आणि गोठेवाला दोन तासांत नेत असेल तर जरूर द्या. मोअरमधून निघालेलं देऊ नका. ते बारीक आणि दबलेलं असतं, पोत्यात भरलं की तासाभरात गरम होऊन आंबायला लागतं. जनावर ते न चावता बकाबका खातं, पोट फुगतं. शिवाय त्यात मोअरचं ऑइल, पेट्रोल, एखादा खिळा, कॅरीबॅगचा तुकडा. पोत्यात हात घालून बघा. कोमट लागलं तर ते खतात जायचं, गोठ्यात नाही. ज्यांच्याकडे चारा कमी आहे ते नको म्हणणार नाहीत, म्हणून ‘नाही’ आपणच म्हणायचं.

आणि पेटवायचं नाव काढू नका. ओलं गवत जळत नाही, दिवसभर धुमसतं, आणि तो धूर काकूंच्याच खिडकीत जाणार. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये दंड ठरवून दिला: साधा कचरा जाळला तर पाच हजार, मोठ्या प्रमाणावर असेल तर पंचवीस हजार. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायची जबाबदारी घरमालकावर टाकली, त्यामुळे घंटागाडीवाल्याशी भांडण्यात फारसा दम नाही. कसंतरी करून गाडीत कोंबलंत तरी ते डेपोच्या डोंगराखाली हवेशिवाय कुजून मिथेनच सोडणार. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी काय भोगलं ते मी जवळून पाहिलंय, माझी एक रोपवाटिका त्याच रस्त्यावर होती. नाल्यात ढकलणं हा चौथा ‘उपाय’ही काही जण करतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठे तुंबतं ते पाहिलं की उत्तर मिळतं.

कोकणात आणि गोव्यात हे वाचणाऱ्यांनी एक काळजी जास्त घ्यावी. नारळ-सुपारीजवळच्या खतात गेंडा भुंगा अंडी घालतो. ढीग परतताना अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना टाका, नाहीतर त्यांचे भुंगे माडाच्या कोंबात शिरतात. आणि सगळ्यांसाठीच: ढीग भिंतीला चिकटून नको, आधी काठीनं आपटून मगच हात घाला. उबदार, उंदरांची ये-जा असलेली जागा सापालाही आवडते. माझ्या एका ढिगातून धामण निघाली होती. तिनं काही केलं नाही, माझा माळी मात्र तीन दिवस आला नाही.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. दीड हजार फुटांपैकी रोज पाय पडतो तो भाग किती? बहुतेक घरांत झोपाळ्यापुढचा चारशे-पाचशे फुटांचा तुकडा. बाकीचं लॉन खिडकीतून बघायला असतं आणि त्याचंच गवत पोत्यात जातं. कंपाउंडच्या कडेचा तीन फुटांचा पट्टा काढून तिथे जास्वंद, कर्दळ, गवती चहा लावा. गवत कमी होईल आणि जे निघेल ते आच्छादन म्हणून टाकायला जागाही तिथेच होईल. हा बदल आत्ता, पावसातच करून टाका, रोपं लगेच धरतात. जाळी रविवारी आणा. पानांच्या गोण्यांसाठी मात्र फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागेल. तोवर किराणा दुकानदाराला खोकी बाजूला ठेवायला सांगा.